संघ पूर्ण आला पाहिजे

चित्रकलेच्या शिक्षकाने कधीही उंच असू नये. उंच माणसाला एसटीतलं वरचं सामान काढून द्यावं लागतं, स्नेहसंमेलनात पताका बांधाव्या लागतात आणि क्रीडाशिक्षकाला कावीळ झाली, की मुख्याध्यापकांची नजर सगळ्या शिक्षकांच्या डोक्यांवरून फिरत फिरत शेवटी त्याच्याच डोक्याशी येऊन थांबते. त्या डोक्यात काय आहे याची चौकशी कोणी करत नाही. ते इतरांच्या वर आलेलं असतं, एवढं पुरतं.

चौऱ्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर आमच्या कडू सरांना कावीळ झाली. आमची शाळा बोईसरच्या अलीकडे, उमरोळीच्या बाजूला. अर्धी मुलं तारापूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची, उरलेली आसपासच्या गावांतली आणि डोंगराकडच्या पाड्यांवरची. या मुलांतून कडू सर दरवर्षी सहा जण निवडत आणि डिसेंबरात पालघरला तालुक्याच्या क्रॉस कंट्री शर्यतीला नेत. यंदा कडू सर डोळे पिवळे करून आपल्या गावी ताक-भात खात पडले होते.

"दुधगावकर, क्रॉस कंट्रीचं तुम्ही बघा," हेडसर म्हणाले.

"सर, पण मी चित्रकला शिकवतो."

"म्हणूनच. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मुलांचं नुकसान होईल."

मी परभणीकडचा. आमच्याकडे उन्हात पळणाऱ्या माणसाला आधी थांबवतात आणि मग कोणाच्या घरात काय गेलंय ते बघतात. क्रॉस कंट्री म्हणजे शेतांतून, बांधांवरून, ओढ्यातून चार-पाच किलोमीटर धावायचं, ही माहिती मला शाळेच्या शिपायाने पुरवली. कडू सरांचं वेळ मोजायचं घड्याळ कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कडू सरांच्या करगोट्याला होती, असं सगळ्यांचं एकमत होतं, आणि आजारी माणसाकडे ती मागायला जायची कोणाची तयारी नव्हती.

"डोळ्यांनी निवडा," हेडसर म्हणाले. "चित्रकाराची नजर आहे तुमची."

चित्रकाराच्या नजरेने मी एका सकाळी शाळेच्या फाटकात उभा राहिलो. ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी कालव्यापर्यंत धावत जाऊन परत यावं, पहिले सहा येतील त्यांचा संघ, असं मी जाहीर केलं होतं. तेवीस जण आले. गेलेही चांगले. येताना मात्र कोणाच्या तरी म्हशी पाण्यावरून परतत होत्या. मुलं म्हशींत शिरली की म्हशी मुलांत शिरल्या हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. धुळीचा एक मोठा गोळा माझ्याकडे आला, फाटकात अडकला आणि तेवीस मुलं व काही म्हशी एकाच क्षणी शाळेत दाखल झाल्या. मी म्हशी वेगळ्या काढू शकलो. त्यापुढे माझी नजर चालली नाही.

"सर, कोणाला घेतलं?" मुलांनी धापा टाकत विचारलं.

तेवीस तोंडं माझ्याकडे बघत होती. सगळ्यांना घाम आला होता. काहींना शेणही लागलं होतं.

"सगळ्यांना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसरांनी माझं नाव घेतलं. वेगवान आणि मंद असा भेदच न करता धावू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला संघात स्थान देण्याचा नवा पायंडा दुधगावकर सरांनी पाडला आहे, वगैरे. टाळ्या झाल्या. म्हशींचा उल्लेख कोणी केला नाही. तत्त्वं बहुतेक अशीच जन्माला येत असावीत. फरक एवढाच, की इतरांची तत्त्वं भाषणापुरती असतात. माझं तत्त्व रोज सकाळी साडेसहाला फाटकाशी येऊन उभं राहायचं.

आमच्या चाळीत ही बातमी माझ्या आधी पोचली. चाळ बोईसर स्टेशनच्या पूर्वेला. तिथे कोणाचा रॉकेलचा डबा संपला तरी दहा सल्ले मिळत. इथे तर तेवीस मुलांच्या पायांचा प्रश्न होता. शेजारच्या इंदुबाईंनी आधी क्रॉस म्हणजे ख्रिस्ताचं काही नाही ना याची खात्री करून घेतली आणि मग मुलांना नाचणीची आंबील द्यायला सांगितली. वरच्या मजल्यावरचे मिश्राजी रंगाच्या कारखान्यात होते. ते ड्यूटीवरून येताना दारातच थांबले. त्यांच्या कानांच्या पाळ्या त्या दिवशी निळ्या होत्या.

"मास्टरजी, दौड़ में फेफड़ा चाहिए, फेफड़ा. और फेफड़े के लिए चना. रात को भिगो दो, सुबह गुड़ के साथ. फिर देखो."

"तेवीस जणांसाठी?" माझी बायको उषा आतून म्हणाली.

"भाभीजी, आप भिगोइए, चना मैं लाऊँगा."

मिश्राजींनी खरंच चणे आणले. पोतंभर. आमच्या दोन खोल्यांत पिंप, कळशी, बादली, परात, जे जे पाणी धरू शकतं त्या सगळ्यात चणे फुगू लागले. एका सकाळी अंघोळीला बसलो, तर तांब्यातून अंगावर चणे आले. उषा चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त शांतपणे विचारलं, "तत्त्व हेच का?"

आता संघाबद्दल. संघात जिव्या होता. नववीतला, काटकुळा, बोलायला कंजूष. तो धावायला लागला की मी अजून शिट्टी तोंडातून काढलेली नसायची तोवर बांधापलीकडे दिसेनासा व्हायचा. तालुक्यात पहिला आलेला मुलगा जिल्ह्याच्या शर्यतीसाठी ठाण्याला जातो, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. जिव्याने ठाणं पाहिलं नव्हतं. ठाण्याला म्हणे तलावात होड्या असतात, त्या त्याला बघायच्या होत्या. समुद्र जवळच घिवलीला होता, होड्या तिथेही होत्या. पण त्या मासेमारीच्या. नुसतं बसायच्या होड्या तो ठाण्याला बघणार होता.

आणि संघात जिवली होती. आठवीतली, पाड्यावरची, मावशीकडे राहून शिकणारी. कडू सरांचा असा ठाम समज, की डोंगराकडची पोरं जन्मतःच धावतात. त्यामुळे सहावीपासून ते तिला दरवर्षी पळवून बघत आणि दरवर्षी हताश होत. मीही एकदा तोच प्रश्न विचारून बसलो. "जिवले, तुमच्याकडे सगळे लांब लांब जातात ना रोज?"

"जातात. पण चालत," ती म्हणाली. "उगाच कोण पळतो, सर? मागं वाघ नाय काय नाय."

"मग तू कशाला येतेस पळायला?"

"पळताना कोण काम सांगत नाय."

जिवली एकाच चालीने धावायची. चढ असो, उतार असो, मागून कुत्रं येवो, ती चाल बदलत नसे. त्या चालीला धावणं म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद होऊ शकले असते. पण दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर नसत, हे मी वाकून, नीट पाहून ठरवलं होतं.

पहिल्याच आठवड्यात मागची चार मुलं कापलेल्या गवताच्या गंज्यांमध्ये वाट चुकली आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत परत आली. पालकांच्या तक्रारी आल्या. शेवटच्या मुलामागे मोठं माणूस असावं, असं हेडसरांनी ठरवलं. मोठं माणूस कोण, हे त्यांनी माझ्या उंचीकडे बघून ठरवलं. मी सायकलवरून मागे राहू लागलो. बांधावर सायकल चालत नाही, हे सायकलला आधी कळलं, मला नंतर. दोन्ही चाकं एकाच सकाळी बाभळीच्या काट्यांवर गेल्यावर मी इंदुबाईंच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट घातले आणि जिवलीच्या मागे धावू लागलो.

मला इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जिवली माझ्या पुढे असायची. बरीच.

आमचा रस्ता उमरोळी स्टेशनजवळून जायचा. मुलं पुढे निघून गेलेली असत, आणि पाठोपाठ एकटाच उंच माणूस, धोतर नसलेला म्हणजे नोकरदार, तोंड उघडं ठेवून धावत येताना दिसे. उमरोळीतल्या प्रत्येक माणसाला वाटे की माझी गाडी चुकतेय.

"पळा मास्तर, पळा! शटल सिग्नलला हाय!"

एक म्हातारी तर माझ्यासाठी रेल्वे फाटकवाल्याला ओरडून सांगत असे, की मास्तर येतो, जरा थांब. मी धावत स्टेशनात न शिरता पुढे निघून गेलो, की त्यांची माझ्याविषयीची काळजी आणखी वाढे. आठ दिवसांनी उषाला बाजारात कोणीतरी हळूच विचारलं, की साहेबांचं डोकं बिकं दुखतं का.

नावं पाठवायची वेळ आली तेव्हा मी पालघरला स्पर्धेच्या समितीकडे गेलो. तिथे एक चिटणीस होते. त्यांनी तेवीस नावं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत तेवीसच निघाली.

"इतर शाळा सहा पाठवतात."

"सहाच पाठवावेत असा नियम आहे का?"

त्यांनी नियम काढले. नियम होता, 'संघात किमान सहा स्पर्धक असावेत.' कमाल किती, यावर नियम गप्प होता.

"लिहिलेलं नाही म्हणजे चालतं असं नाही," चिटणीस म्हणाले. "पण चालत नाही असंही लिहिलेलं नाही. तेव्हा घेतो. मुलीही यातच राहू द्या, वेगळ्या शर्यतीला यंदा मुलीच मिळालेल्या नाहीत, सगळ्यांना एकत्रच सोडणार आहोत. फक्त एक. तुमच्या संघातला प्रत्येक स्पर्धक शेवटच्या रेषेपर्यंत आला पाहिजे. संघ पूर्ण आला पाहिजे. एक जरी राहिला तर संघ बाद."

"आणि आमचा एखादा मुलगा पहिला आला तर?"

"संघ बाद तर त्यातला मुलगाही बाद. तो संघातूनच आला ना? आभाळातून नाही पडला."

मी शाळेत येऊन हे सांगितलं आणि पायंड्याबद्दलचा हेडसरांचा उत्साह जागच्या जागी उतरला. जिव्या पहिला येणार याविषयी कोणालाही शंका नव्हती. शाळेच्या इतिहासात ठाण्याला कोणी गेलेलं नव्हतं. आणि आता जिव्याचं ठाणं जिवलीच्या पायांत अडकलं होतं.

"ती पोचेल का?" हेडसरांनी विचारलं.

"पोचेल," मी म्हणालो. "कधी ते सांगता येत नाही."

"पंच संध्याकाळपर्यंत थांबणार नाहीत. दुधगावकर, तिचं नाव काढा."

मी परत पालघरला गेलो. चिटणीस म्हणाले, नाव वाढवता येतं, कमी करता येत नाही. कमी करायचं असेल तर डॉक्टरचा दाखला आणा. हे ऐकून हेडसर खुश झाले. बोईसरमधले एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. जिवलीला चार दिवसांचा ताप देणं त्यांना अवघड नव्हतं.

जिव्याच्या कानावर हे गेलं होतं. तो त्या दिवशी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात आला आणि बाकाशी उभा राहिला.

"सर, ती नाय आली त मी बाद?"

"हो."

"मंग तिला सांगा ना घरी बस म्हणून."

"तू सांगशील?"

तो बाकावरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "मी नाय सांगणार." आणि गेला. रागाने गेला. दुसऱ्या दिवसापासून सरावाला तो आमच्यापासून वेगळा, दुसऱ्या बाजूने धावायला लागला.

मी डॉक्टरकडे गेलो नाही. त्याचं फार मोठं कारण आहे असं नाही. त्या सकाळी जिवली नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी फाटकाशी येऊन बसली होती. चण्यांचा डबा घासून आणला होता आणि त्यात उषासाठी करटुल्यांसारखी कसली तरी रानातली भाजी होती. तिची प्रकृती इतकी ठणठणीत होती, की तिला ताप आलाय असं लिहिणाऱ्या डॉक्टरची मला काळजी वाटली. मी हेडसरांना सांगितलं, संघ जसा आहे तसाच जाईल. ते म्हणाले, "जबाबदारी तुमची." मी म्हणालो, "बरं." हे बोलून झाल्यावर दिवसभर माझे गुडघे दुखत होते, पण ते उमरोळीमुळेही असेल.

शर्यतीच्या दिवशी आम्ही टेम्पोने पालघरला गेलो. स्टेशनपासून जरा लांब, गवताच्या वखारींशेजारच्या मैदानावर मंडप होता. सुरुवातही तिथे, शेवटही तिथे. शेवटच्या रेषेवर दोन बांबू रोवून त्यांना कापडी पट्टी बांधली होती. नऊ शाळा. आठ शाळांचे संघ एकेका चटईवर मावले होते. आमच्यासाठी ताडपत्री अंथरावी लागली. प्रमुख पाहुणे कुठल्याशा सहकारी संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्यांची जीप 'निघाली आहे' असं ध्वनिक्षेपकावरून अधूनमधून सांगत होते. एका ताटात दोन हार होते. एक झेंडूचा, जाडजूड, पाहुण्यांसाठी. एक शेवंतीचा, बारीक, पहिल्या क्रमांकासाठी.

पाहुण्यांची वाट बघून पंचांनी शेवटी शर्यत सोडली. मोठ्या माणसांनी मागे धावायला बंदी होती, त्यामुळे मी रेषेवर उभा राहिलो. जिवलीला मी एकच सूचना दिली होती. "थांबायचं नाही आणि रस्ता सोडायचा नाही. काही झालं तरी."

जिव्या पहिला आला. दुसरा मुलगा दिसेपर्यंत त्याचं पाणी पिऊन झालं होतं. मग इतर शाळांची मुलं आली, मग आमची एकेक करून यायला लागली. मधली आली, मागची आली, गंज्यांत वाट चुकणारी चौघं एकमेकांचे सदरे धरून आली. बावीस झाले. रस्ता रिकामा झाला.

मग बराच वेळ गेला. इतर शाळांच्या मुलांनी डबे उघडले. पंचांनी घड्याळाकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"अजून कोणी आहे?"

"एक मुलगी आहे."

"बसली असेल कुठेतरी. दमून."

"ती दमत नाही. दमेल इतक्या जोरात ती धावतच नाही."

मंडपवाला रेषेपाशी आला आणि एका बांबूला हात घालून हलवू लागला. त्याला संध्याकाळी केळव्याला हळदीचा मंडप घालायचा होता. बांबू मोजून आणले होते. मी म्हणालो, एक मुलगी यायची आहे. तो म्हणाला, येऊ दे की, बांबू लागतो काय तिला? मी म्हणालो, लागतो. रेषा नसेल तर ती पोचणार कुठे? तो बांबू उपटायला लागला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी बांबूला मिठी मारली.

परभणी जिल्ह्यातल्या एका सुशिक्षित घराण्यातला, सरकारमान्य चित्रकला परीक्षा दोन्ही श्रेणी उत्तीर्ण झालेला, सहा फुटी शिक्षक तालुक्यातल्या नऊ शाळांसमोर बांबूला मिठी मारून उभा होता. मंडपवाला ओढत होता. ताडपत्रीवरून हेडसर दुसरीकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या खांद्याखाली आणखी दोन हात आले आणि त्यांनीही बांबू पकडला. जिव्या होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाठोपाठ ताडपत्रीवरची सगळीच मुलं उठून आली. त्यानंतर बांबू हलणं शक्य नव्हतं.

"अहो, पाहुणे आल्याशिवाय मंडप निघणारच नाही," पंच कंटाळून मंडपवाल्याला म्हणाले. "ते येईपर्यंत राहू द्या रेषा."

आमचं नशीब अशा रीतीने पाहुण्यांच्या उशिरावर येऊन ठेपलं. ध्वनिक्षेपकावरून जीप निघाली आहे असं परत सांगितलं, की इतर आठ शाळा टाळ्या वाजवत. ती जीप वाटेत पंक्चर व्हावी, अशी आमची तेवीस जणांची इच्छा होती.

शेवटी रस्त्याच्या वळणावर धूळ दिसली.

सर्वांत आधी बैल दिसले. मग गवताची गाडी, रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत पसरलेली, चालता डोंगरच. गाडीमागे जिवली, बूट काढून हातात धरलेले, तीच चाल. आणि जिवलीच्या मागे प्रमुख पाहुण्यांची जीप. दोन्ही बाजूंना भाताच्या खाचरांचे बांध. जिवलीला गाडीच्या पुढे जाता येत नव्हतं, जीपला जिवलीच्या पुढे जाता येत नव्हतं. चालक हॉर्न वाजवत होता. जिवली रस्ता सोडत नव्हती. सरांनी सांगितलं होतं.

बैलगाडी वखारीकडे वळली आणि जिवली मैदानात शिरली. आमची मुलं किंचाळत सुटली. इतर शाळांनाही काय झालं ते कळेना, पण बैल, मुलगी आणि जीप अशी वरात त्यांनी पाहिली नव्हती. तिथली मुलंही उभी राहून ओरडू लागली. मीही ओरडत होतो, हे मला नंतर घसा बसल्यावर समजलं. जिवली रेषा ओलांडून थांबली, बूट खाली ठेवले आणि विचारलं, "पाणी कुठंय?"

पण पाण्याआधी पाहुणे तिच्यापर्यंत पोचले. पांढराशुभ्र सदरा, भारावलेला चेहरा. मंडपातली सगळी मुलं त्यांना प्रेक्षक वाटली असावीत. चिटणीस हाराचं ताट घेऊन स्वागताला पुढे आले, तर पाहुण्यांनी त्यातला वरचा झेंडूचा हार उचलला आणि सरळ जिवलीच्या गळ्यात घातला. तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. मग त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"बंधुभगिनींनो, मी फार मोठा स्पर्धांचा जाणकार नाही. पण गेला अर्धा तास मी या मुलीच्या मागे आहे. अक्षरशः मागे आहे! आम्ही हॉर्न वाजवला. तिने वळून पाहिलं नाही. याला म्हणतात एकाग्रता. मी मागे पाहिलं, कोणी दिसत नाही. म्हणजे बाकीच्यांना तिने किती मागे टाकलं असेल, विचार करा!"

चिटणिसांनी ताटात उरलेल्या बारीक हाराकडे पाहिलं. पंच आभाळाकडे बघू लागले. पाहुण्यांना दुरुस्त करण्याची पद्धत तालुक्यात नव्हती. सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"सांग बेटा," पाहुण्यांनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला, "पहिली आलीस, कसं वाटतं?"

जिवलीने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही बांबूलाच धरून होतो. काय करावं हे मला कळत असतं तर मी इथवर आलोच नसतो.

"मी पयली नाय," ती म्हणाली. "मी शेवटची हाय."

ते स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असेल.

"शेवटची?"

"हां. पयला जिव्या. तो कवाच आला. तो काय, केळा खातो."

सगळं मैदान जिव्याकडे बघू लागलं. जिव्याने केळं पाठीमागे लपवलं. पंच घाईघाईने जिवलीच्या गळ्यातला हार काढायला धावले, तेव्हा जिव्या पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"ऱ्हाऊ द्या ना तिला. मला तो बारका चालंल."

ताटात बारीक शेवंतीचा हार उरला होता तो जिव्याच्या गळ्यात पडला. पाहुण्यांसाठी काही उरलं नाही. त्यांना नारळ देण्यात आला आणि ते पुढचा सगळा कार्यक्रम रिकाम्या गळ्याने, नारळ मांडीवर घेऊन बसले. माणूस मात्र मुरलेला होता. भाषणात त्यांनी दोनच वाक्यं बदलली.

निकाल लागला. संघाचे गुण सगळ्या स्पर्धकांचे क्रमांक मिळवून काढत आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वर, त्यामुळे तेवीस जणांची आमची बेरीज थेट कळसाला पोचली. आम्ही नववे आलो. शाळा नऊच होत्या. पण संघ पूर्ण आला होता. चिटणिसांनी जिव्याला बोलावून ठाण्याला कधी जायचं ते सांगितलं. त्याने विचारलं, "तलाव स्टेशनपासून लांब हाय काय?" चिटणिसांना प्रश्न कळला नाही. हेडसर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "दुधगावकर, घशाला मीठ-पाण्याच्या गुळण्या करा." आमच्या संबंधांत याला कौतुक म्हणतात.

परतताना टेम्पोत जिवली माझ्या शेजारी हार सांभाळून बसली होती. मिश्राजींचे उरलेले चणे हातोहात फिरत होते. मघापासून ती कसला तरी हिशेब करत असावी, कारण पालघर मागे पडलं तरी तिने तोंडात चणा टाकला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "मी चुकीचं बोलले."

"नाही गं. बरोबर बोललीस. शेवटची आलीस तर शेवटची म्हणालीस."

"नाय ना," ती म्हणाली. "माझ्या मागं जीप होती. शेवटचा तो पाव्हना."